दारात पाम लावायचाय: रॉयल घ्यावा की फॉक्सटेल?

गेल्या महिन्यात मिरजेच्या मित्राचा फोन आला. घराचं काम उरकत आलंय, पार्किंगची फरशी बसली, आता गेटच्या दोन्ही अंगाला पाम लावायचेत; रॉयल लावू की फॉक्सटेल? मी त्याला दहा मिनिटं उलटसुलट सांगत बसलो. शेवटी तो म्हणाला, "लिहूनच पाठव बाबा." तर हे ते. मी दोन्ही लावलेत. रॉयल 2008 मध्ये, सांगलीत विश्रामबागेत घर बांधलं त्याच पावसाळ्यात. फॉक्सटेल त्यानंतर नऊ वर्षांनी. दोन्ही आजही दारात आहेत, पण सारख्या संख्येनं नाहीत.

आधी नावाचा घोळ. आपल्याकडच्या बहुतेक नर्सऱ्यांत "बॉटल पाम द्या" म्हणालात तर रॉयलच हातात पडतो, कारण त्याचं खोड तरुणपणी बुडाशी नाहीतर मधेच फुगतं. खरा बॉटल पाम वेगळाच, मॉरिशसकडचा, बुटका, तळाशी माठासारखा गोल. त्याला इथं कुणी शॅम्पेन पाम म्हणतं, कुणी काहीही म्हणतं. दहा फुटांवर थांबणारं झाड समजून तुम्ही बॉटल पाम आणाल आणि वीस वर्षांनी ते तुमच्या पाण्याच्या टाकीकडं खाली वाकून बघेल. त्यामुळं नावावर जाऊ नका. नर्सरीवाल्याला विचारा, "याचं मोठं झालेलं झाड कुठं बघायला मिळेल?" आणि ते खरंच जाऊन बघा.

अरेका पामचं थोडक्यात सांगतो, कारण प्रत्येक जण मधेच विचारतो, "मग अरेका का नको?" नको असं नाही. शेजारच्या खिडकीचा आडोसा करायचा असेल, फ्लॅटच्या गॅलरीत कुंडी ठेवायची असेल, तर अरेकासारखं गुणी झाड नाही. पण ते झुडूप आहे. एका बुंध्याची दहा पिल्लं, दहाची पंचवीस. आत वाळलेल्या पानांचा असा गुंता होतो की हात घालायची भीती वाटते. आमच्याकडं एकदा आत गांधीलमाशीचं पोळं निघालं. एप्रिलच्या उन्हात सांगलीत ते उघड्यावर ठेवलंत तर पानं पिवळी पडून टोकं करपणार. आणि हो, याला सुपारी लागत नाही. सुपारीचं झाड वेगळं, हे मादागास्करचं. आमच्या आत्या दर दिवाळीला येऊन त्याच्याकडं बघतात आणि म्हणतात, "अजून नाही लागली होय रे सुपारी?" आता आम्ही "लागेल पुढच्या साली" म्हणतो.

आता मूळ प्रश्न.

नुसतं दिसण्यावर न्याय करायचा तर रॉयलला तोड नाही, हे मी आधीच कबूल करतो. सिमेंटचा खांब ओतल्यासारखं पांढरट खोड, त्यावर गुळगुळीत हिरवी मान, आणि वर पंधराएक झावळ्यांचं डोकं. क्यूबाचा हा राष्ट्रीय वृक्ष. तिथं तो सत्तर-ऐंशी फूट सहज जातो. दोन्ही बाजूंना ओळीनं लावलेले रॉयल असले की साध्या फाटकालाही राजवाड्याचा थाट येतो. साखर कारखान्यांच्या, कॉलेजांच्या, मंगल कार्यालयांच्या रस्त्यांना तो शोभतो तो यामुळंच.

फॉक्सटेल एवढा भारदस्त नाही. त्याच्या पानांच्या पात्या देठाभोवती चहूबाजूंनी फुटतात, त्यामुळं झावळी चपटी न दिसता शेपटीसारखी गुबगुबीत दिसते. नाव त्यावरूनच पडलं. डोक्यावर आठ-दहाच झावळ्या, खोड बारीक, उंची तीस फुटांच्या आसपास थांबणारी. रॉयल लांबून बघायचं झाड, फॉक्सटेल जवळून. सकाळी चहा घेऊन पायरीवर बसलं की कोवळं ऊन त्या शेपटीतून गाळून खाली येतं. ते रॉयलखाली मला कधी मिळालं नाही; त्याची सावली म्हणजे फरशीवर मारलेल्या काळ्या पट्ट्या.

एवढ्यावर निवड करायची तर पारडं समसमान, आणि ज्याच्या दारात जागा जास्त त्यानं रॉयल घ्यावा, असं मी 2013-14 पर्यंत सांगतही होतो. माझे तिन्ही रॉयल तेव्हा अंगात आले होते. मग त्यांच्या झावळ्या पडायला लागल्या.

पाम लावणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. नर्सरीत सांगतात, "साहेब, हा सेल्फ क्लीनिंग आहे, काही करावं लागत नाही." खरं आहे. नारळासारखं वर चढून सोलावं लागत नाही. झावळी पिकली की आपणहून सुटते. पण सुटून कुठं जाते? खाली. रॉयलची एक झावळी म्हणजे माझ्याकडं दहा-बारा फूट लांब, आणि देठाचा भाग पन्हाळीसारखा रुंद, मांसल, पाण्यानं भरलेला. तिचं वजन काट्यावर केलेलं नाही, पण आंघोळीची भरलेली बादली मी एका हातानं उचलतो आणि ओली झावळी मला एका हातानं उचलत नाही. झाडामागं महिन्याला साधारण एक. तीन झाडं म्हणजे दर दहा दिवसांनी एक.

पहिली मोठी झावळी पडली ती रात्री दीडच्या सुमाराला. आधी सर्रर्र, मग धप्प. बायकोला वाटलं, कुणी तरी कंपाउंडवरनं उडी मारून आत आलं. मी काठी घेऊन बाहेर गेलो तर पार्किंगमध्ये ही आडवी. पुढची एक शेजारच्या काकांच्या गाडीच्या बॉनेटवर पडली. काका सावलीला म्हणून गाडी आमच्या भिंतीकडंला लावायचे. बॉनेटला हलकासा खळगा पडला. मी खर्च देऊ केला, त्यांनी घेतला नाही, एक शब्द बोलले नाहीत, फक्त दुसऱ्या दिवसापासनं गाडी रस्त्याच्या पलीकडं उन्हात लावायला लागले. ते न बोलणं मला जास्त लागलं.

तरी सांगतो, माझं मन रॉयलवरनं उडालं ते झावळी पडते म्हणून नव्हे. गाडी हलवता येते, मुलांना सांगता येतं की वारं सुटलं की तिकडं खेळू नका. माझं मन उडालं ते पडलेली झावळी टाकायची कुठं, या एका प्रश्नानं. हसू नका. तीन-चार वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर शोधत होतो.

घंटागाडीवाल्याला पहिल्यांदा दाखवली तेव्हा तो म्हणाला, "साहेब, तुकडं करून द्या." बरोबरच होतं त्याचं, बारा फुटी धूड तो त्या डब्यात घालणार कसा? मग मी कोयता घेऊन बसलो. शेंडा सहज तुटतो. पण देठाकडं कोयता मारला की तो आत रुततो आणि रुतूनच बसतो, कारण आत सुतळीसारखे धागे. एका झावळीचे आठ तुकडे करायला मला अर्धा तास लागायचा आणि तळहाताला फोड यायचा. जाळायचं म्हटलं तर ओली जळत नाही, वाळली की एकदम भडका, आणि गल्लीभर धूर. आळ्यात आच्छादन म्हणून टाकावं, तर उसाच्या पाचटासारखं ते कुजत नाही. वर्षभरानं उकरलं तरी देठ तसाच, फक्त तपकिरी. पावसाळ्यात त्या पन्हाळीत पाणी साठून डासांच्या अळ्या वळवळायच्या.

एकदा शक्कल लढवली. आमचे दाजी तासगाव भागातले द्राक्षवाले, दोन म्हशीही आहेत, गोठ्यात कडबाकुट्टी आहे. म्हटलं चार झावळ्या तिकडं नेऊन कुट्टी करावी, खताला होईल. टेम्पोत घालून नेल्या. पहिली निम्मी आत गेली आणि मशीन घुसमटल्यासारखं होऊन बंद पडलं. उघडून बघतो तर पात्याभोवती धाग्यांची ही गुंडाळी, जणू कुणी काथ्याचं बंडलच भरलंय. दाजी दोन तास पान्हा घेऊन बसले. शेवटी घाम पुसत एवढंच म्हणाले, "पाव्हणं, ह्ये काय वैरण हाय व्हय?"

त्यानंतर मी झावळ्या घराच्या मागच्या कोपऱ्यात रचायला लागलो. तिथंच बागेसाठी आणलेलं शेणखतही होतं. दोन पावसाळे गेले. एके दिवशी खत उकरायला गेलो तर आत अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या, अर्धगोल वळलेल्या अळ्या. ऊसवाल्यांना वाटेल हुमणी. हुमणीचीच भावकी, पण हा गेंड्या भुंगा, ज्याच्या नाकावर शिंग असतं. तो शेणखतात आणि कुजक्या काडीकचऱ्यात वाढतो आणि मोठा झाला की पामच्या कोंबात घुसतो. नवी झावळी उघडते तेव्हा ती कात्रीनं कापून नक्षी केल्यासारखी तिरकी कापलेली दिसते. म्हणजे पामचाच कचरा रचून मी पामचाच शत्रू पाळत होतो. ढीग हलवला, कोंबाच्या बेचक्यांत डांबरगोळ्या आणि वर वाळू घातली, निंबोळी पेंड टाकली, तारेच्या आकड्यानं दोन भुंगे बाहेर ओढले. झाडं वाचली. अरेकासारखी झुडपं सोडली तर पामला कोंब एकच असतो. तो गेला की झाड गेलं, बाजूनं फुटवा येत नाही. म्हणून शेणखताचा ढीग पामपासनं लांब ठेवा, हे रॉयलवाल्यालाही लागू आणि फॉक्सटेलवाल्यालाही.

2017 मध्ये मी दोन रॉयल काढायचं ठरवलं. तोडवत नव्हते. शहरात झाड काढायचं तर 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानं परवानगी लागते. ती रीतसर घेतली आणि दोन्ही झाडं ओळखीच्या एका मंगल कार्यालयवाल्याला दिली. पाम हलवता येतात, कारण त्यांना सोटमूळ नसतं, दोरीसारख्या मुळांचा झुबका असतो. क्रेन आली, झावळ्या बांधल्या, निम्म्या कापल्या, आणि झाडं ट्रेलरवर आडवी होऊन गेली. गेल्या लग्नसराईत तिथं जेवायला गेलो होतो. दोन्ही झकास आहेत. पण एकाच्या खोडाला दोन पुरुष उंचीवर कंबर आवळल्यासारखी खाच आहे. ते हलवल्याचं वर्ष. आंबा-लिंबाचं खोड जाड होत जातं आणि जुन्या खुणा बुजवून टाकतं. पामचं खोड एकदा झालं तेवढंच. उपासमार, दुष्काळ, आबाळ, सगळं त्यावर कायमचं दिसतं. लोक त्या झाडाखाली फोटो काढत होते, आणि मी त्या खाचेकडं बघत भात खात होतो.

मोकळ्या झालेल्या जागेत तीन फॉक्सटेल आले.

त्यांची झावळी सहा-सात फुटांची, आणि हलकी. पडताना आवाज येतो तो केरसुणी भिंतीवरनं घसरावी तसा. एका झाडाची माझ्याकडं दोन-अडीच महिन्यांत एक. कोयत्याचे दोन घाव, तीन तुकडे, पोत्यात भरायची, घंटागाडी आली की द्यायची. झालं. माझ्या हिशेबी सगळी तुलना या पोत्यापाशी येऊन संपते. पण तुम्ही म्हणाल, दुसऱ्याच्या अंगणातला कचरा बघून आम्ही झाड का निवडावं? बरोबर आहे, म्हणून फॉक्सटेलची दुखणीही सांगतो. ती आहेत, आणि सांगलीत जरा जास्तच आहेत.

फॉक्सटेल मूळचा ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधला, केप मेलव्हिलच्या भागातला. तिथं ग्रॅनाइटच्या दगडगोट्यांत, वाळूच्या मातीत तो उगवतो. शास्त्रीय नाव मिळालं तेच मुळी 1983 मध्ये. म्हणजे ज्याच्या पायाखाली पाणी थांबतच नाही असं झाड आपण काळ्या चिकट मातीत आणून लावतो, जी पावसात फुगते आणि मे महिन्यात हात जाईल एवढी भेगाळते. त्यातून बोअरचं पाणी जड. आमच्या नळाला, फरशीला पांढरा थर बसतो, तोच मातीतही बसतो.

लावल्यानंतर दुसऱ्या वर्षी माझ्या मधल्या फॉक्सटेलचा नवा कोंब उघडला तो हळदीच्या रंगाचा. हळदीच्या गावात शोभून दिसला असता, पण झाडाला शोभत नव्हता. एका नर्सरीवाल्यानं युरिया सांगितला. घातला. पुढचं पान आणखी पिवळं. मग दाजी आले. कुट्टीचा राग तोवर गेला होता. त्यांनी पान उजेडाकडं धरलं, शिरा हिरव्या, मधली जागा पिवळी, आणि म्हणाले, "ही फेरसची कमतरता. चुनखडीच्या रानात आम्ही दरसाल बघतोय." त्यांचं म्हणणं असं की लोह मातीत असतं, पण चुन्यानं ते अडकून बसतं, मुळाला मिळत नाही. साधं हिराकस टाकलं तर तेही अडकतं. त्यांनी बागेसाठी आणलेलं चिलेटेड लोह दिलं, म्हणजे चुन्यात अडकू नये म्हणून दुसऱ्या पदार्थानं धरून ठेवलेलं, त्यातही ईडीडीएचए प्रकारचं, जे चुनखडीतही टिकतं. स्वस्तातलं ईडीटीए आपल्या मातीत फार काळ टिकत नाही, ते फवारणीला ठीक. ही पावडर पाण्यात टाकली की पाणी कोकम सरबतासारखं गडद लाल होतं. हाताला, फरशीला डाग पडतात, जपून. चहाचा एक चमचा बादलीभर पाण्यात, आळ्यात ओतायचं, दर दोन-तीन महिन्यांनी.

आणि मग वाट बघायची. पामच्या बाबतीत हे अवघड जातं. आज दिलेल्या औषधाचा गुण आजच्या पानावर दिसत नाही, पुढच्या कोंबावर दिसतो, आणि पुढचा कोंब दीड-दोन महिन्यांनी. आमचा दुसरा कोंब हिरवा आला तेव्हा मी दाजींना फोटो पाठवला. त्यांनी उत्तरात नुसता अंगठा पाठवला.

रॉयलनं हा त्रास मला इतक्या वर्षांत फारसा दिला नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. त्याची भूक वेगळी, पोटॅशची. त्याच्या जुन्या, खालच्या पानांवर नारिंगी-पिवळे ठिपके येतात आणि टोकं वाळत जातात. फॉक्सटेललाही होतं, पण रॉयलचं मोठं डोकं जास्त खातं. द्राक्षाला वापरतात तेच 0-0-50, म्हणजे पोटॅशचं खत, मी दोघांनाही देतो, सोबत थोडं मॅग्नेशियम सल्फेट. प्रमाण विचाराल तर मूठभर, माझी मूठ, जरा मोठी आहे. बुंध्याला चिकटवून नाही, आळ्याच्या कडेनं, आणि नंतर पाणी. जुनं पान पिवळं म्हणजे पोटॅश किंवा मॅग्नेशियम, नवं पान पिवळं म्हणजे लोह किंवा पाणी साचलंय. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मी चूक टळते.

माळ्याबद्दलही इथंच सांगतो. आपल्याकडचे माळी पाम दिसला की खालच्या झावळ्या छाटून वर शेंडी ठेवतात, मुंज झालेल्या बटूसारखी. त्यांना अडवा. खालचं पिवळं पान आजारी दिसतं, पण झाड त्यातला पोटॅश काढून वरच्या पानाला देत असतं. ते कापलंत की झाड त्याच्या वरच्या पानातनं काढायला लागतं, आणि पिवळेपणा एक मजला वर चढतो. पूर्ण वाळलेलं, लोंबणारं तेवढंच काढायचं. आणि हिरव्या मानेचं साल उत्साहानं सोलायचं नाही. ते सुटेल तेव्हा सुटेल. खोडाला झालेली जखम पाम भरून काढत नाही.

लावताना मी फॉक्सटेलसाठी तीन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेतला, काळी माती बाहेर टाकली, तळाला मुरूम, वर तांबडी माती, कुजलेलं शेणखत, निंबोळी पेंड. आणि झाड सपाटीला न लावता फूटभर उंच वरंब्यावर. पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच खोल, बोटभरही जास्त नाही. रॉयलला मी यातलं काहीच केलं नव्हतं. खड्डा काढला, लावला, वाढला. एका ठिबकवर दोघं आहेत, पण मे महिन्यात रॉयलला दोन ड्रिपर जास्त.

साताऱ्याकडच्या मंडळींना हा मातीचा पाढा थोडा सौम्य करून वाचायला हरकत नाही. गोडोलीत माझ्या भाच्याच्या दारात एक फॉक्सटेल आहे, उताराच्या मुरमाड जमिनीत, पाणी पडलं की निघून जातं. त्याला ती लाल पावडर आजवर एकदाही लागलेली नाही, आणि पानांचा रंग माझ्यापेक्षा काकणभर सरसच आहे. मी त्याला हे तोंडावर सांगितलेलं नाही.

पण एका ठिकाणी मी रॉयलच्या बाजूनं उभा राहीन, आणि ते म्हणजे नदीकाठ. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली तेव्हा सांगलवाडीतल्या आमच्या एका मित्राचं घर पाण्यात होतं. त्याच्या दारात एक रॉयल आणि दोन फॉक्सटेल. पाणी ओसरायला आठवडा गेला. फॉक्सटेल दिवाळीपर्यंत कसेबसे तगले, मग कोंब हातानं ओढला तर बाटलीचं बूच निघावं तसा अलगद वर आला, खालून कुजलेला, आंबूस वासाचा. रॉयलला काही झालं नाही. ओल्या सखल जमिनीत वाढायची त्याची जुनी सवय कामाला आली. त्याच्या पांढऱ्या खोडावर गाळाची रेघ तेवढी राहिली. 2021 ला पुन्हा पाणी आलं, तेव्हा दुसरी रेघ. मित्र पाहुण्यांना त्या रेघा दाखवतो. तेव्हा घर पूररेषेच्या आत असेल तर माझं फॉक्सटेलपुराण बाजूला ठेवा.

जागेचं म्हणाल तर रॉयलला भिंतीपासनं निदान दहा फूट द्या, आणि वर विजेच्या तारा नाहीत ना, हे आज नव्हे, पंधरा वर्षांनंतरचा विचार करून बघा. पामचा शेंडा छाटून बुटका करता येत नाही, हे आधीच कळलं पाहिजे. फॉक्सटेल सहा फुटांतही भागवतो. पाया उचलेल, फरशी फोडेल, ही भीती मात्र दोघांबाबत मनातनं काढा. मुळं वडा-पिंपळासारखी जाडजूड होत नाहीत. मोहोर दोघांनाही येतो. रॉयलच्या फुलांचा भुसा अंगणात आठवडाभर पडत राहतो, मधमाश्या घोंगावतात. फॉक्सटेलला अंड्याएवढी शेंदरी फळं लागतात, दिसतात सुरेख, पण फरशीवर पडली की पायाखाली घरंगळतात. मी मोहोर लहान असतानाच सिकेटरनं कापून टाकतो. एका झाडाचा ठेवतो, दिसायला.

नर्सरीत मोठा, आठ-दहा फुटी फॉक्सटेल घेण्याचा मोह होतो. पिशवी फाडून मुळं गोल गोल गुंडाळलेली निघाली तर तो रुसतो आणि दोन वर्षं हलत नाही. माझ्या तिघांत सर्वांत लहान आणलेला, कमरेएवढा, आज सगळ्यांत उंच आहे. रॉयल या बाबतीत दिलदार; कसाही आणा, लागतो.

मिरजेच्या मित्राचं गेट रस्त्याला लागून, पार्किंग वीस फूट रुंद, दोन गाड्या, वर तारा, बोअरचं पाणी, पुराची भीती नाही. त्याला मी दोन फॉक्सटेल सांगितले, आणि लाल पावडरीची पुडी घरनंच देईन म्हटलं. मागं अर्धा एकर मोकळं असतं, किंवा घरी कोयता चालवणारा गडी असता, तर कदाचित उत्तर वेगळं दिलं असतं.

माझा एक रॉयल मी ठेवलाय. तो का ठेवला, हे मोठ्या माणसांना पटत नाही. झावळी पडली की गल्लीतली पोरं पळत येतात. एक जण त्या पन्हाळीसारख्या देठात बसतो, दोघं शेंड्याकडनं धरून ओढतात, आणि गेटपासनं काकांच्या दारापर्यंत खरडत खरडत गाडी जाते. मागं फरशीवर ओला हिरवट पट्टा उमटतो. मागच्या रविवारी माझा नातू फॉक्सटेलच्या झावळीवर बसून बघत होता. तिचे केस त्याच्या चड्डीखाली आले आणि ती जागची हलली नाही. तो उठला, रॉयलच्या बुंध्याशी गेला, मान वर करून एक-एक झावळी बघून आला आणि मला विचारलं, "आजोबा, ही खालची पिवळी कधी पडणार?"